हुशार मूल कुठे शोधायचं?

१९६३ साली दिल्लीत अकरावीच्या मुलांसाठी एक परीक्षा झाली आणि तिच्यातून १० मुलांना शिष्यवृत्ती मिळाली. आज तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या क्लासच्या फ्लेक्सवरसुद्धा याहून जास्त गुणवंतांचे फोटो असतात, त्यामुळे हा आकडा वाचून हसू येतं. पण 'राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध' या योजनेचं ते पहिलं वर्ष होतं. स्वतंत्र भारताच्या सरकारने 'आपल्याकडची खरोखर हुशार मुलं कोणती?' हा प्रश्न देशाच्या पातळीवर विचारला, तो बहुधा इथेच पहिल्यांदा. दुसऱ्या वर्षी ही परीक्षा देशभर गेली आणि शिष्यवृत्त्या ३५० झाल्या.

सुरुवातीच्या काळातली ही परीक्षा कशी होती हे पाहण्यासारखं आहे. विज्ञानाचा कल तपासणारी एक चाचणी, दिलेल्या शास्त्रीय विषयावर एक निबंध आणि स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल. हा अहवाल लेखी परीक्षेच्या वेळीच द्यायचा. या तिन्हींतून जे टिकतील त्यांची मुलाखत. शिष्यवृत्ती मिळायची ती फक्त मूलभूत विज्ञान शिकण्यासाठी, पण थेट पीएच.डी.पर्यंत. म्हणजे सरकार सोळा वर्षांच्या पोराला सांगत होतं, की तू पदार्थविज्ञान शीक, पुढची काही वर्षं पैशाची काळजी आमच्यावर सोड. डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं असेल तर मात्र तुझं तू बघ. माझ्यासारख्या इंजिनिअरांना दारातूनच परत पाठवणारी ही योजना मला कागदावर तरी फार आवडते. तिला काय हवं आहे हे तिला माहीत होतं.

हे १९६३ सालीच का झालं, याचं उत्तर आकाशात सापडतं. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक वर गेला आणि अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला, आणि गणित-विज्ञानातली हुशार मुलं शोधणं हा संरक्षणाचा विषय बनला. रशियात तर १९६३ हे वर्षच मोलाचं. जानेवारीत नोवोसिबिर्स्कजवळ आणि डिसेंबरात मॉस्कोत गणित-पदार्थविज्ञानाच्या निवासी शाळा सुरू झाल्या. मॉस्कोच्या शाळेमागे आन्द्रेई कोल्मोगोरोव होता, म्हणजे विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांपैकी एक. आपल्याकडे १९५८ साली संसदेपुढे विज्ञान धोरणाचा ठराव आला होता, १९६१ साली एनसीईआरटी स्थापन झाली होती, आणि अणुऊर्जेपासून पोलादापर्यंत सगळीकडे माणसं हवी होती.

मॉस्कोच्या शाळेची एक गोष्ट मात्र आपण उचलली नाही. ती शाळा प्रामुख्याने मॉस्कोबाहेरच्या मुलांसाठी होती. राजधानीतल्या हुशार मुलाला चांगली शाळा, गणित मंडळ, ग्रंथालय हे सगळं ट्रामच्या अंतरावर मिळतंच. लांबच्या गावातल्या मुलाला मिळत नाही, म्हणून वसतिगृह. आपल्या परीक्षेचा भर होता तो चाचणी कशी असावी यावर. मूल कुठून येतं हा प्रश्न तिच्या रचनेत नव्हता.

आता त्या प्रकल्पाच्या अहवालाकडेच पाहा. कल्पना सुंदर. घोकंपट्टी करणाऱ्याला प्रकल्प सुचत नाही, ज्याला कुतूहल आहे त्यालाच सुचतो. पण १९६४ साली अकरावीतल्या मुलाने प्रकल्प करायचा तर शाळेला प्रयोगशाळा हवी, तिची किल्ली देणारे शिक्षक हवेत, आणि घरी 'हे काय उद्योग चाललेत' असं न म्हणणारे वडील हवेत. प्रकल्प मुलाची बुद्धी मोजतो खरा, पण त्याच मापात त्याची शाळा आणि घरही मोजलं जातं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा पेच ओळखीचा आहे. काहीही निवडणाऱ्या यंत्रणेकडून दोन प्रकारच्या चुका होतात. नको तो निवडला जातो, किंवा हवा तो सुटतो. पहिली चूक डोळ्यांसमोर असते, तिची तक्रार येते, बैठक बसते. दुसरी चूक कुणाला दिसतच नाही, कारण सुटलेलं मूल तक्रार करायला येत नाही. लुईस टर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून कॅलिफोर्नियातली सुमारे दीड हजार अतिबुद्धिमान मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. त्या निवडीत तपासून वगळलेल्या मुलांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, निवडलेल्या दीड हजारांपैकी एकालाही नाही. ही सुटलेली दोन मुलं आपल्याला कळली ती नोबेल मिळालं म्हणून. एरवी कोण कशाला शोधत बसलं असतं?

१९७६ साली १०+२+३ चा आकृतिबंध आला आणि त्याबरोबर प्रज्ञाशोधही बदलला. नावातलं 'विज्ञान' गेलं. समाजशास्त्रं, अभियांत्रिकी, वैद्यक या सगळ्यांना दार उघडलं. शिष्यवृत्त्या ५०० झाल्या. निबंध आणि प्रकल्प गेले, त्यांच्या जागी बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन वस्तुनिष्ठ चाचण्या आल्या. मुलाखत तेवढी राहिली. १९८५ पासून परीक्षा फक्त दहावीसाठी आणि दोन पातळ्यांवर, आधी राज्य मग केंद्र. शिष्यवृत्त्या वाढत वाढत १९८३ साली ७५० आणि २००० साली १००० झाल्या.

या बदलाबद्दल हळहळणारी मंडळी पुष्कळ भेटतात. मला तेवढी हळहळ वाटत नाही. हजारो निबंध एकाच तराजूने तपासणं अशक्य असतं, आणि पर्याय रंगवायला प्रयोगशाळेची किल्ली लागत नाही. गेलं ते वेगळंच. मुलाने स्वतः विचारलेला प्रश्न गेला. आता प्रश्न परीक्षा विचारणार, मुलाने चारातला एक गोल काळा करायचा. आणि ज्या कौशल्याला चार पर्याय असतात त्याला क्लास निघतो, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

*

महाराष्ट्रात हा वाद दिल्लीच्याही आधीचा आहे, फक्त तो या शब्दांत मांडला गेला नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं तेव्हा पोरांची बुद्धी मोजली नव्हती. सगळ्या जातींची गरीब पोरं एकत्र राहतील, राबतील, शिकतील, एवढंच. त्यामागचा न बोललेला विचार असा, की हुशारी गावोगाव पडलेली आहेच, अडतंय ते जेवणाखाण्याला आणि झोपायच्या जागेला. निवड करण्यापेक्षा सोय करा.

पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. उर्फ आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती नेमकी उलट्या टोकाने. इथे निवड हाच पाया. मानसशास्त्रीय चाचण्या घेऊन बुद्धिमान मुलं निवडायची आणि त्यांना समाजाच्या कामाला जोडायचं. १९६९ साली त्यांची प्रशाला सुरू झाली. चाचण्यांवर इतकं बारकाईने काम करणारी संस्था त्या काळात आपल्याकडे दुसरी दाखवणं अवघड आहे. पण कितीही चांगली चाचणी शेवटी तिच्या दारापर्यंत येऊ शकणाऱ्या मुलांतूनच निवड करते, आणि ते दार सदाशिव पेठेत होतं. प्रबोधिनीला याची जाणीव नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. सोलापूर आणि पुढे भूकंपानंतर उभी राहिलेली हराळी ही नावं त्याची साक्ष आहेत.

या दोन टोकांच्या मधली वाट महाराष्ट्र सरकारने साठच्या दशकात शोधली. औरंगाबाद, धुळे, पुसेगाव, अमरावती इथे शासकीय विद्यानिकेतनं निघाली. ग्रामीण भागातल्या गुणवंत मुलांसाठी, परीक्षेतून निवड, राहणं-जेवणं-शिकणं सरकारी खर्चाने. निवड प्रबोधिनीसारखी, सोय रयतसारखी. यांतलं पुसेगाव भाऊरावांच्याच सातारा जिल्ह्यातलं. ही शाळा-साखळी देशाच्या चर्चेत फारशी कधी आली नाही. नवोदयचा इतिहास लिहिणारेही तिला ओलांडून पुढे जातात, हे खटकतं.

*

१९७१ साली आंध्र प्रदेशात नलगोंडा जिल्ह्यातल्या सर्वेल गावी एक निवासी शाळा सुरू झाली, खेड्यातल्या हुशार मुलांसाठी. तेव्हा मुख्यमंत्री होते पी. व्ही. नरसिंह राव. चौदा वर्षांनी, १९८५ च्या सप्टेंबरात, हेच राव राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात शिक्षणाचं खातं सांभाळायला आले, आणि त्याच शैक्षणिक वर्षात दोन प्रायोगिक नवोदय विद्यालयं उघडली. एक हरियाणात झज्जरला, दुसरं आपल्या अमरावतीला. (राव उत्तम मराठी जाणत. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली होती.) १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या कल्पनेवर शिक्कामोर्तब केलं, आणि पुढे तमिळनाडू वगळता जवळपास प्रत्येक जिल्ह्यात एकेक नवोदय झालं. आज त्यांची संख्या साडेसहाशेच्या घरात आहे.

नवोदयची परीक्षा घेऊन बसलात तर तिच्यात विशेष काही नाही. सध्या दोन तासांत ८० प्रश्न असतात. ४० बौद्धिक क्षमतेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. आकृत्या जुळवा, वेगळी ओळखा, उतारा वाचा. १९६३ च्या प्रकल्प-निबंधापुढे ही परीक्षा अगदीच साधी. नवोदयची ताकद आहे ती परीक्षेच्या बाहेर लिहिलेल्या नियमांत. जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. एक तृतीयांश मुलींना. अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात. ग्रामीण जागा हवी असेल तर तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं गावातल्याच शाळेत काढलेली हवीत. हे नियम कुणा मानसशास्त्रज्ञाने केले नसतील, त्यांत बुद्धीची कसलीही व्याख्या नाही. पण पाथर्डीच्या किंवा मेळघाटच्या मुलीची तुलना पुण्यातल्या मुलीशी न होता तिच्यासारख्याच परिस्थितीतून आलेल्या मुलींशी होते, ती या नियमांमुळे. चाचणीत पन्नास वर्षं सुधारणा करून जे साधलं नसतं ते एका टक्केवारीने साधलं, असं माझं मत आहे.

याची किंमतही त्या मुलांनी मोजली. परीक्षा मराठीतून देऊन आत आलेलं मूल आठवीनंतर गणित-विज्ञान इंग्रजीत आणि समाजशास्त्र हिंदीत शिकतं. नववीत तर वर्गातली सुमारे ३० टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये पाठवली जातात, हिंदी भागातून अहिंदी भागात आणि उलट. राष्ट्रीय एकात्मता हा हेतू. चौदाव्या वर्षी परक्या राज्यात, परक्या जेवणावर वर्ष काढलेली मुलं त्याबद्दल मोठेपणी अभिमानाने बोलतात हे खरं, पण त्यांच्या आयांना त्या वर्षी काय वाटलं हे कुठल्या अहवालात आलेलं मला दिसलं नाही.

मूळ आक्षेप यापेक्षा खोल होता. कोठारी आयोगाने १९६६ साली समान शाळेचा आग्रह धरला होता. श्रीमंताचं आणि गरिबाचं मूल एकाच परिसर शाळेत जाईल, म्हणजे ती शाळा सुधारेल. नवोदय त्याच्या विरुद्ध दिशेने जातं. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं सगळ्यांत चुणचुणीत पोर उचलायचं, त्याच्यावर खर्च करायचा, आणि उरलेल्या वर्गाला आहे तिथेच ठेवायचं. १९९० च्या आचार्य राममूर्ती समितीपुढे हा मुद्दा आला, वाद झाले, आणि १९९२ च्या सुधारित धोरणानंतरही नवोदय चालू राहिली. १९८६ च्या धोरणाची अपेक्षा होती की या शाळा आसपासच्या शाळांना गती देतील. एका जिल्ह्यात वर्षाला ८० जागा असलेली शाळा हजारो शाळांना कशी गती देणार, याचं उत्तर तेव्हाही कुणी दिलं नव्हतं. इथे भाऊरावांची बाजू मला जास्त खरी वाटते. पण उरलेल्या वर्गाची शाळा सुधारेपर्यंत त्या चुणचुणीत पोराने थांबावं, हे सांगायला मी तयार नाही. ते सांगणाऱ्यांची स्वतःची मुलं सहसा थांबलेली नसतात.

नियमांना वळसा घालणंही आलंच. तालुक्याच्या गावी 'नवोदय-स्कॉलरशिप' अशा पाट्या आता नेहमीच्या झाल्या आहेत, आणि मूल शहरात राहतं पण पटावर नाव मात्र जवळच्या खेड्यातल्या शाळेत, असेही प्रकार होतात. याचा अर्थ एवढाच, की ग्रामीण असण्याला पहिल्यांदाच काहीतरी भाव आला.

राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २००६ ते २०१२ या काळात आठवीला नेऊन परत दहावीला आणली गेली, २०१९ साली शिष्यवृत्त्या २००० केल्या गेल्या, आणि तिची मंजुरी ३१ मार्च २०२१ ला संपली. तेव्हापासून ती पुढील आदेशापर्यंत स्थगित आहे. नवोदयची परीक्षा दरवर्षी होते. ती देता येते आयुष्यात एकदाच, पाचवीत असताना. दुसऱ्यांदा बसायची परवानगी नाही.