एक मूठ दाढी : वाढवायची कशी, आकार कसा द्यायचा, सांभाळायची कशी

दाढी ठेवायची नियत करणारे पुष्कळ असतात, पण ती वर्षभर नीट सांभाळणारे कमीच. पहिल्या महिन्यात खाज सुटते. दुसऱ्या महिन्यात घरचे बोलायला लागतात, "अरे, आजारी माणसासारखा दिसतोस!" तिसऱ्या महिन्यात सलूनमध्ये कल्ले जरा जास्तच उडतात आणि मुलगा वैतागून सगळीच साफ करून येतो. यातले बरेचसे टाळता येते. म्हणून आपल्या घराघरांत विचारल्या जाणाऱ्या गोष्टी आम्ही इथे एकत्र दिल्या आहेत. दाढी वाढवायची म्हणजे तिच्याकडे बघायचेच नाही, असा गैरसमज आहे. दाढी रोजच्या देखभालीनेच राखली जाते.

एक मूठ हे माप कुठून आले?

मिशा कमी करा आणि दाढी वाढू द्या, असा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा हुकूम हजरत अब्दुल्ला इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारीत आला आहे. हज किंवा उमरा करताना इब्ने उमर (रजि.) दाढी मुठीत धरत आणि मुठीबाहेर येणारे केस कापत, हेही तिथेच आहे. 'एक मूठ' या मापाचा आधार हाच.

हनफी आलिम साधारणपणे एक मुठीपर्यंत दाढी ठेवणे वाजिब मानतात. कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई आहेत. शाफई फिक्हमध्ये दाढी ठेवण्यावर भर आहेच, पण ती कापण्याचा हुकूम नेमका कोणता, मकरूह की हराम, यावर आलिमांत मतभेद आहेत. त्यामुळे रत्नागिरीच्या मामाचे आणि औरंगाबादच्या चुलत्याचे म्हणणे वेगळे निघाले तर घरात वाद घालत बसू नये. आपापल्या मजहबच्या आलिमांना विचारून घ्यावे.

मुवत्ता इमाम मालिकमधली एक रिवायत इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. केस आणि दाढी विस्कटलेला एक माणूस मशिदीत आला. प्रेषितांनी (स.) त्याला हाताने खूण केली की बाहेर जाऊन नीटनेटका होऊन ये. तो आवरून परत आला. म्हणजे वाढवण्याइतकेच आवरणेही आलेच.

किती दिवस लागतात?

दाढीचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. मोठ्या माणसाच्या मुठीची रुंदी साधारण आठ ते दहा सेंटीमीटर असते. म्हणजे पूर्ण एक मूठ व्हायला आठ-दहा महिने धरा. या रमजानला सुरुवात केली तर पुढच्या रमजानपर्यंत दाढी मापात येते. केस कुरळे असतील तर त्या लांब दिसायला आणखी वेळ लागतो.

वारंवार वस्तरा फिरवला की दाढी दाट येते, हे खरे नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो जाड वाटतो, एवढेच. दाढी किती दाट येणार हे मुख्यतः वडील-आजोबांकडून आलेल्या ठेवणीवर ठरते. विशीत विरळ असलेली दाढी तिशीपर्यंत भरत जाते, असे पुष्कळदा होते.

पहिले तीन महिने

पहिले सहा आठवडे कात्री, ट्रिमर काही लावू नका. कुठे दाट येते, कुठे विरळ, हे आधी दिसू द्या. गालावर मोकळी जागा असेल तर आजूबाजूचे केस लांब झाले की ती बरीचशी झाकली जाते.

खाज सुटते ती कापलेल्या टोकांमुळे आणि कोरड्या कातडीमुळे. रात्री चार-पाच थेंब खोबरेल तेल बोटांनी मुळापर्यंत चोळावे. मात्र चेहऱ्यावर मुरमे येत असतील तर खोबरेल बंद करून बदाम तेल थोडेसेच लावून बघावे.

केस आत वळून पुटकुळी झाली तर चिमट्याने उपटू नका. कोमट पाण्याचा शेक द्या आणि तिथे काही दिवस पाते फिरवू नका.

आकार कसा द्यायचा?

दाढी धुवा, पूर्ण कोरडी होऊ द्या, मग मोठ्या दातांच्या फणीने खाली विंचरा. ओल्या दाढीवर कात्री चालवू नका. ओला केस ताणून लांब होतो, सुकल्यावर आखडतो आणि दाढी मापापेक्षा आखूड पडते.

हनुवटीच्या अगदी खाली मूठ बंद करा. करंगळीच्या बाहेर आलेले केसच कापा, तेही एकदम न कापता थोडे थोडे. दोन्ही बाजूंना जबड्याच्या कडेवर हेच माप ठेवा. समोरची दाढी लांब आणि कानाजवळची बारीक, ही सलूनमधली नेहमीची चूक आहे. म्हणून खुर्चीत बसण्याआधीच सांगा, "बाजूला मशीन लावायचे नाही, फक्त कात्री."

जबड्याच्या हाडावर आणि हनुवटीवर उगवलेले केस म्हणजे दाढी, यावर एकमत आहे. गालाच्या वरच्या भागातले सुटे केस आणि घशावरचे केस काढण्याबद्दल मते वेगवेगळी आहेत. खालच्या ओठाखालचा झुपका बरेच आलिम दाढीतच धरतात, म्हणून फॅशनच्या नादाने तो उडवू नये. मिशी इतकी कापा की वरच्या ओठाची कड स्पष्ट दिसेल. मिशी आणि नखे चाळीस दिवसांपेक्षा जास्त वाढू देऊ नयेत, असे सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत आहे. आपल्याकडे पुष्कळजण हे काम जुम्म्याच्या दिवशी करतात. ती सवय चांगली.

सलूनमध्ये नवे ब्लेड आपल्यासमोर उघडायला सांगा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. वापरलेल्या ब्लेडमधून हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतात. तुरटी फिरवल्याने ब्लेड निर्जंतुक होत नाही.

वुजू आणि गुस्ल

दाढी विरळ असून खालची कातडी दिसत असेल, तर वुजूत पाणी कातडीपर्यंत पोहोचले पाहिजे. दाढी दाट असेल तर वरून धुणे पुरते, आणि ओल्या बोटांनी खालून खिलाल करणे सुन्नत आहे. गुस्लमध्ये मात्र दाढी कितीही दाट असो, पाणी मुळापर्यंत गेलेच पाहिजे.

दिवसातून पाच वेळा ओली होणारी दाढी तशीच ओलसर राहिली तर खाज आणि कोंडा वाढतो, पावसाळ्यात तर जास्तच. रुमालाने दाबून टिपा, घासू नका. आठवड्यातून दोन-तीनदा सौम्य शॅम्पू पुरे. अंगाचा साबण दाढी राठ करतो.

मेहंदी आणि रंग

मक्का विजयाच्या दिवशी हजरत अबू बक्र (रजि.) यांचे वडील अबू कुहाफा यांना आणले गेले, तेव्हा त्यांचे केस पांढरेशुभ्र होते. हे बदला, पण काळा रंग टाळा, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे सहीह मुस्लिममध्ये आहे. म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांच्या दाढीला मेहंदी दिसते.

बाजारातल्या 'काळी मेहंदी'च्या पाकिटांत पुष्कळदा पीपीडी नावाचे रसायन असते. काहींना त्याने चेहरा सुजतो, फोड येतात, पाणी सुटते. शुद्ध मेहंदी लालसर-नारिंगीच रंगते. रंग लावायचाच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस थांबा.

डॉक्टरांकडे केव्हा जायचे?

दाढीत नाण्याएवढी गोल, गुळगुळीत जागा अचानक पडली तर ती चाई असू शकते. लाल, खवले धरलेले गोल चट्टे हे गजकर्ण असू शकते. मेडिकलवाल्याने दिलेले मिश्र मलम लावू नका. त्यात बहुधा स्टिरॉइड असते. चार दिवस बरे वाटते आणि मग गजकर्ण दुप्पट पसरते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. दाढी दाट व्हावी म्हणून मुले मिनॉक्सिडिल लावतात, तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

नोकरीचा प्रश्न

हा विषय घरात आधीच बोलायला हवा, कारण इथे मुलाची रोजी-रोटी पणाला लागते. हवाई दलातील एका मुस्लिम जवानाला दाढीमुळे सेवेतून काढले गेले. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले. ज्यांच्या धर्मात केस कापण्यास किंवा दाढी करण्यास मनाई आहे त्यांना नियमात सवलत आहे, पण ती आपल्याला लागू होते हे त्याला दाखवता आले नाही. आपल्या राज्य राखीव पोलीस दलातील एका जवानाच्या याचिकेवरही मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विरोधात निकाल दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणून वर्दीच्या भरतीचा फॉर्म भरण्याआधीच त्या दलाचा दाढीविषयीचा नियम लेखी स्वरूपात पाहून घ्या, आलिमांशीही बोला. प्रशिक्षण संपल्यावर पेच पडला तर मार्ग फार थोडे उरतात.

आखातात तेल-वायू कंपन्यांत जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. विषारी वायूपासून बचाव करणारा घट्ट मास्क दाढीवर नीट बसत नाही, फटीतून वायू आत शिरतो. तो नियम जीव वाचवण्यासाठी आहे. डोक्यावरून घालायचे, पंख्याने हवा पुरवणारे सैल हूड काही ठिकाणी मिळते. त्याची सोय आहे का, हे व्हिसाच्या आधी विचारा.

हज, उमरा आणि कुर्बानी

इहराम बांधल्यावर केस कापता किंवा उपटता येत नाहीत, सुगंधी तेलही चालत नाही. दाढी-मिशीचे काम त्याआधीच उरका आणि इहराममध्ये जोरात विंचरू नका. कुर्बानी करणाऱ्याने जिलहिज्जचा चांद दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत केस-नखे कापू नयेत, असे हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. मुठीबाहेरचे केस चांद दिसण्याआधीच कापून घ्या.

घरच्यांसाठी

काही मुलांना दाढी येतच नाही किंवा ठिपक्या-ठिपक्यांनी येते. ती अल्लाहने दिलेली ठेवण आहे, त्यात त्या मुलाचा काही कसूर नाही. लग्नाच्या बैठकीत किंवा जमातीत त्यावरून थट्टा झाली की मुले मशिदीत यायचीच टाळतात. आणि ज्याने नुकतीच दाढी सोडली आहे, त्याला अम्मी-अब्बांनी निदान तीन महिने तरी टोकू नये. वाटले तर एक चांगली फणी आणून द्यावी.