वेलस्प्रिंग : बंदिस्त पंथातून बाहेर पडलेल्यांचे निवासी केंद्र

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, अथेन्स शहराजवळच्या ऑल्बनी या खेड्यात १९८६ मध्ये सुरू झालेले उपचारकेंद्र. पूर्ण नाव वेलस्प्रिंग रिट्रीट अँड रिसोर्स सेंटर. संस्थापक मानसशास्त्रज्ञ पॉल मार्टिन (मृत्यू २००९). तरुणपणी मार्टिन स्वतः ‘ग्रेट कमिशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती गटात काही वर्षे होते आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथून बाहेर पडले. पुढे १९९१ मध्ये गटाच्या नेतृत्वाने आपल्या काही चुका जाहीरपणे मान्य केल्या.

या नोंदीत ‘बंदिस्त पंथ’ ठरतो तो वागणुकीवरून, श्रद्धेवरून नव्हे. सदस्याचा पैसा, झोप, लग्न आणि घरच्यांशी बोलणे एका माणसाच्या किंवा मंडळाच्या हाती असणे, आणि सोडून जाणाऱ्याला दहशत घालणे, ही त्याची ठळक लक्षणे. सिंहस्थासाठी नाशिक रोड स्थानकावर उतरून त्र्यंबकेश्वरची वाट धरणारा भाविक या नोंदीच्या कक्षेत येत नाही.

पार्श्वभूमी : १९७० च्या दशकात मुलगा किंवा मुलगी अशा गटात गेली की काही अमेरिकी पालक माणसे लावून त्यांना उचलून आणत आणि दिवसचे दिवस खोलीत कोंडून त्यांच्याशी वाद घालायला लावत. या प्रकारात टेड पॅट्रिक यांचे नाव गाजले. त्यापायी त्यांना तुरुंगवासही झाला. एका कोंडीतून काढून दुसऱ्या कोंडीत घालण्याचा हा उपाय. वेलस्प्रिंगचे वेगळेपण इथेच दिसते : येणारा स्वखुशीने येई.

दिनक्रम : मुक्काम साधारण दोन आठवड्यांचा, एका वेळी मोजकीच माणसे. दिवसातले काही तास समुपदेशकाबरोबर एकट्याने बैठक. त्याला जोड अभ्यासवर्गाची. त्यात मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी १९६१ मध्ये चीनमधील विचारपरिवर्तनाच्या अभ्यासातून मांडलेली आठ लक्षणे समजावून दिली जात : बाहेरच्या माहितीवर पहारा, सक्तीची कबुली, गटाची खास ठोकळेबाज भाषा, शुद्ध-अशुद्धाची अट्टहासी विभागणी वगैरे. आपल्या गटात यांपैकी काय काय होते, हे ज्याने त्याने पडताळून पाहायचे. ‘तुमचा गुरू खोटा’ असे समुपदेशकाने सांगण्यापेक्षा ही रीत अधिक खोलवर जाते, हे वेगळे सांगायला नको. उरलेला वेळ वाचन, फिरणे आणि इतरांबरोबर जेवणखाण यांत जाई.

बाहेरच्याला हा दिनक्रम सुट्टीसारखा वाटेल. पण मानसशास्त्रज्ञ मार्गारेट सिंगर यांनी १९७९ मध्ये लिहिलेल्या लेखात पंथ सोडलेल्यांच्या ज्या अडचणी नोंदवल्या, त्या नेमक्या अशाच साध्या गोष्टींतल्या आहेत. काय घालायचे, कधी जेवायचे, कुणाशी बोलायचे हे वर्षानुवर्षे वरून ठरत आले. बाहेर पडल्यावर साधा निर्णयही होईना. काहींना एखादे गाणे किंवा परिचित शब्द कानी पडताच क्षणात पुन्हा तिथलीच तंद्री लागे. आणि घरचे? ते डोळ्यांत तेल घालून पाहत : गप्प बसला, म्हणजे परत जाणार की काय! भाजीत मीठ कमी आहे म्हणणे, आज फिरायला जायचे नाही म्हणणे, दुपारी झोपणे, हे सारे कुणाच्या परवानगीविना करता येणे हा म्हणूनच उपचारातला गाभ्याचा भाग मानावा लागतो. अशा केंद्रांवरील लेखनात मात्र बैठकांचा तपशील भरपूर आणि स्वयंपाकघराचा त्रोटक.

परिणाम : मार्टिन आणि मायकेल लँगोन यांनी सहकाऱ्यांसह १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १११ जणांची मिलन यांच्या व्यक्तित्व-प्रश्नावलीने चाचणी घेतली होती. दाखल होताना परावलंबन, चिंता आणि औदासीन्य ठळकपणे आढळले. मुक्कामानंतर त्यांत घट दिसली. उपचार न घेतलेल्यांचा तुलनागट नसल्याने ही घट कशामुळे झाली याबद्दल हातचे राखून बोलावे लागते.

वाद : पंथ सदस्याच्या ‘मेंदूचा ताबा’ घेतो ही कल्पनाच अनेक समाजशास्त्रज्ञांना मान्य नाही. आयलीन बार्कर यांनी १९८४ मध्ये दाखवले, की मून पंथाच्या कार्यशाळांना गेलेल्यांपैकी बहुतेकजण सदस्य झालेच नाहीत. याच विषयावरचा सिंगर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या मंडळाने १९८७ मध्ये स्वीकारला नाही.

धार्मिक बाजू : मार्टिन अखेरपर्यंत श्रद्धावान ख्रिस्ती राहिले.

तत्सम संस्था : मॅसॅच्युसेट्समधील मेडो हेवन (रॉबर्ट पार्डन), मुक्काम अधिक लांबीचा.

महाराष्ट्र : निवासी उपचाराचा दिनक्रम मराठी वाचकाला परिचित आहे तो व्यसनमुक्तीमुळे. वेलस्प्रिंग सुरू झाले त्याच वर्षी डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले, त्यासाठी पु. ल. देशपांडे यांच्याकडून देणगी मिळाली होती. गटचर्चा, श्रमाची कामे, योगासने आणि कुटुंबीयांचा सहभाग हा तिथला परिपाठ. साताऱ्यात नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र निघाले. बुवाबाजीत अडकलेल्यांचे काम मात्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते प्रामुख्याने त्यांच्या घरी जाऊन, पोलीस ठाण्यात सोबत करून आणि समुपदेशनातून करत आले आहेत.

गटाच्या दहशतीचा आणखी एक प्रकार महाराष्ट्रात दिसतो तो जातपंचायतींचा. आंतरजातीय विवाह केलेल्या गर्भवती तरुणीचा २०१३ मध्ये नाशिकमध्ये खून झाला, आणि त्यानंतर समितीने ‘जातपंचायत मूठमाती अभियान’ सुरू केले. इथे माणूस गट सोडत नाही, गटच त्याला वाळीत टाकतो. लग्न, मयत, किराणा सगळे तुटते. एका माणसाला दोन आठवडे दूर ठेवून हा प्रश्न सुटण्यासारखा नाही, कारण त्याला राहायचे असते त्याच गल्लीत. त्यामुळे उपाय शोधला गेला तो कायद्यात. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा २०१६ चा राज्याचा अधिनियम जुलै २०१७ मध्ये लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.