शंख, शिंपले आणि ताराबाई

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात बालगटाच्या चित्रकला स्पर्धेची बक्षिसे म्हणून सेलवर चालणाऱ्या छोट्या मोटारी दिल्या होत्या. खरेदी समितीत मीही होतो, तेव्हा दोषाचा वाटा माझाही आहे. अनंत चतुर्दशीपर्यंत त्यातल्या बऱ्याच बंद पडल्या. माझ्या नातीची तर दुसऱ्याच दिवशी गेली. पण मोटार ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली, ते खोके मात्र तिने पुढे कितीतरी दिवस सोडले नाही. आधी त्याचे दुकान झाले, मग बाहुलीचे घर झाले आणि नवरात्रात त्याला सुईने भोके पाडून, आत बॅटरी ठेवून, तिने त्याचा गरबा केला. बक्षीस आम्ही मोटार दिली होती; तिला मिळाले खोके.

यंदा बक्षिसांचा विषय निघाला तेव्हा मी ही गोष्ट बैठकीत सांगितली. "मग काय रिकामी खोकी वाटायची?" असे एका सभासदांनी विचारले. प्रश्न थट्टेचा होता, पण या थट्टेला शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्याचा एक मोठा भाग आपल्या गुजरातेत, एका मराठी बाईच्या हातून घडला आहे. म्हणून हा लेख.

मुलाला द्यायची भेटवस्तू आणि शिक्षण यांची गाठ पहिल्यांदा पद्धतशीरपणे मारली ती जर्मनीतल्या फ्रेडरिक फ्रोबेल याने. किंडरगार्टन हा शब्द त्याचाच, 1840 चा. त्याच्या आधी दोन-तीन वर्षे त्याने मुलांसाठी काही साधने तयार करायला घेतली होती. त्यांना त्याने नावच दिले होते 'भेटी'. पहिल्या भेटीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू होते. दुसऱ्या भेटीत लाकडाचा गोल, घन आणि मधला वृत्तचिती. तिसऱ्या भेटीत एक घन, पण त्याचे आठ छोटे घन सुटे होणारे. फ्रोबेल तरुणपणी स्फटिकांचा अभ्यास करीत असे; एका आकारातून दुसरा आकार कसा निघतो हे वेड तिथूनच आलेले दिसते. गोष्ट साधी होती: मोडता येईल आणि पुन्हा जोडता येईल अशी वस्तू मुलाच्या हाती द्यावी.

पुढे 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्यांची साधने फ्रोबेलपेक्षाही काटेकोर होती. गुलाबी मनोरा पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात दहा घन, सर्वात लहान एक सेंटिमीटरचा आणि सर्वात मोठा दहा सेंटिमीटरचा. लाकडी ठोकळ्यातल्या दट्ट्यांचेही तसेच. प्रत्येक दट्ट्या एकाच भोकात नीट बसतो, दुसऱ्यात घातला की शेवटी एक उरतो. 'चुकलास' असे बाईंना सांगावेच लागत नाही, ते लाकूडच सांगते. या पद्धतीचा सारा जीव यात आहे. पण त्यासाठी सुताराचा हात मिलिमीटरलाही चुकून चालत नाही आणि असा सुतार स्वस्तात मिळत नाही. म्हणजे गरिबांच्या वस्तीत जन्मलेली पद्धत बघता बघता श्रीमंतांच्या मुलांची झाली. 1931 च्या ऑक्टोबरात गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते, तेव्हा माँटेसरींच्या प्रशिक्षण वर्गापुढे त्यांचे भाषण झाले. असे शिक्षण सुखवस्तू घरांतल्या मुलांप्रमाणे अगदी कंगालांच्या मुलांनाही मिळावे, अशी आशा त्यांनी तिथे बोलून दाखवली. माँटेसरीबाई स्वतः 1939 मध्ये हिंदुस्थानात आल्या, पण महायुद्धात इटली शत्रुपक्षात गेल्यामुळे येथेच अडकल्या. त्यांचे चिरंजीव मारिओ यांना काही काळ आपल्या अहमदनगरला स्थानबद्ध राहावे लागले होते.

आता काठेवाडात येऊ. आपल्या सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि 1906 पर्यंत ते सगळ्या बडोदे राज्यात नेले, हे आपण दर व्याख्यानमालेत ऐकतो आणि ऐकावेच. पण सक्तीने मूल बाकावर येऊन बसले तरी त्याच्या हातात काय द्यायचे, हा प्रश्न उरतोच. त्या प्रश्नाला भिडला तो अमरेलीपासून फार दूर नसलेल्या भावनगरचा एक वकील. गिजुभाई बधेका यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने माँटेसरी वाचली, वकिली सोडली, ते 1916 मध्ये नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि 1920 मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर काढले. 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, हे त्यांचे नाव गुजरातेत आजही लाडाने घेतले जाते.

याच सुमारास राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात एक मराठी बाई प्राचार्य होत्या. ताराबाई मोडक, माहेरच्या केळकर. जन्म 1892 चा, वडील प्रार्थना समाजाचे. 1914 साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्या. बार्टन कॉलेजच्या त्या पहिल्या भारतीय प्राचार्या. पगार, बंगला, मान, सगळे होते. ते सोडून, लहानग्या मुलीला बरोबर घेऊन, त्या 1923 मध्ये भावनगरला गिजुभाईंकडे गेल्या आणि नऊ वर्षे तिथे राहिल्या. गुजराती त्यांनी अशी आत्मसात केली की त्या भाषेत त्या लिहू लागल्या. 1926 मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. 'शिक्षणपत्रिका' गुजरातीत निघाली, पुढे ती मराठी आणि हिंदीतही निघू लागली. मराठीची जबाबदारी ताराबाईंकडे होती. आपण परमुलखातली मराठी माणसे आपली भाषा टिकवण्याबद्दल नेहमी बोलतो. पण शेजाऱ्याच्या भाषेत शिकून ते सारे पुन्हा आपल्या भाषेत आणून देणे, हे काम या बाईंनी जसे केले तसे फार थोड्यांनी केले आहे.

भावनगरचे बालमंदिर टेकडीवर होते. साधने माँटेसरी धर्तीचीच, पण गोष्टी, गाणी, नाटुकली, मातीकाम हे सगळे गुजराती मातीतले. तरी तिथे येणारी मुले बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरांतली. 1936 मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढले, तिथेही तेच. चांगली शाळा चालली, शिक्षिका तयार झाल्या, नाव झाले. दुसरे कोणी असते तर तिथेच समाधान मानून राहिले असते.

ताराबाईंनी 1945 च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी आता पालघर जिल्ह्यात येते. आपल्याकडून मुंबईला जाताना उंबरगाव सोडले की पुढेच, चिकूच्या वाड्यांचा मुलूख. त्यांच्या बरोबर आल्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा. हट्टाने शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या, तेव्हा पस्तिशीच्या. काही काळासाठी म्हणून आल्या आणि जन्मभर राहिल्या.

पहिली अडचण अशी की मुले यायचीच ना. हरिजन वस्तीतल्या, शेतमजुरांच्या पोरांना शाळेत धाडायला कोण मोकळे होते? मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळत, आईबाप कामावर. तेव्हा शाळाच वस्तीत गेली. कुणाच्या तरी अंगणात जायचे, ते झाडायचे, मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ. अंगणातली बालवाडी, म्हणून अंगणवाडी. हा शब्द आज इतका सरकारी झाला आहे की त्यातले अंगण आपल्याला दिसतच नाही. 1975 च्या 2 ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. ते पाहायला ताराबाई नव्हत्या, त्या 1973 मध्ये गेल्या.

दुसरी अडचण साधनांची. दादरचे गुलाबी मनोरे बोर्डीत परवडणारे नव्हते आणि अंगणातून अंगणात वाहून नेण्याजोगेही नव्हते. मग तिथे जे होते ते घेतले. समुद्रकाठचे शंख-शिंपले, दगडगोटे, बिया, पाने, फुले, काटक्या, माती. आजच्या जाहिरातीतले 'शैक्षणिक खेळणे' यातले एकही नव्हे.

शिंपल्यांचेच पाहा. मूठभर शिंपले मुलापुढे ओतले की ते आपण होऊन वेगळे करू लागते. आधी लहान-मोठे, मग खडबडीत-गुळगुळीत, मग पांढरे-तांबूस. दोन वेगवेगळ्या ढिगांत एकच शिंपला बसू शकतो, हे कळते तेव्हा मूल थबकते. ते थबकणे म्हणजेच विचार. मोजणी, क्रम, जोड्या लावणे, नक्षी, सगळे त्यातून निघते. लाकडी घन दहाचे दहाच असतात; शिंपला मात्र एकासारखा दुसरा नसतो. तिथे मूल नुसते ठरलेल्या भोकात दट्ट्या बसवत नाही, वर्गवारीचा नियमच स्वतः ठरवते. या बाबतीत, माझ्या मते, बोर्डीचे साधन रोमच्या साधनाच्या पुढे गेले.

पण एका बाबतीत ते मागेही पडले, आणि ते सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. लाकडी ठोकळा चूक स्वतः दाखवतो. शिंपला दाखवत नाही. तिथे कोणीतरी शेजारी बसावे लागते. 'हा इथे का ठेवलास?' असे विचारावे लागते आणि उत्तर ऐकायला थांबावे लागते. म्हणजे साधनाचा पैसा वाचला, पण माणसाचा वेळ लागला. ताराबाई-अनुताईंनी पैशाऐवजी तो भरला, थोडाथोडका नव्हे, एकीने अखेरपर्यंतची वर्षे, दुसरीने जवळजवळ अर्धे शतक. 'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द आपण सहज उच्चारतो, त्यात हा खर्च कोणी मांडत नाही.

1957 च्या सुमारास काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. पुन्हा टेकडी. इथली मुले वारली समाजाची, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणून तिला विकासवाडी म्हटले गेले. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली: गुरे चरतात तिथेच शाळा. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री. अनुताई 1992 पर्यंत होत्या. त्यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी मिळवून वाचावे.

या धाग्याचे पुढचे टोक पुन्हा आपल्या शेजारीच सापडते. चांदोदवरून वाहणाऱ्या नर्मदेच्याच वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात, 1972 मध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पुण्यात टेल्कोत असलेले आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा घेऊन तिथे गेले. तिथल्या आठवडी बाजारातल्या वस्तूंतून त्यांना एक जोडखेळ सुचला: आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. ट्यूबचा बोटाच्या पेराहून छोटा तुकडा कापायचा, दोन्ही बाजूंनी काड्या खोचायच्या, झाला सांधा. सुईने किंवा बाभळीच्या काट्याने तुकड्यात तुकडा ओवला की तीन काड्यांचा, चार काड्यांचा सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो, त्याला कर्ण दिला की पुन्हा ताठ. रेल्वेच्या पुलाला त्रिकोण का असतात हे त्यानंतर मुलाला सांगावे लागत नाही. गुप्तांनी पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षे अशीच खेळणी शिकवली.

एकाला वाटेल, हे सगळे गरिबांसाठी, आपल्या मुलांना काय कमी आहे? कमी हेच आहे. आमच्या लहानपणी रावपुऱ्यातल्या वाड्यात चिंचोके, सागरगोटे, भातुकली होती. खेळणी फुकटची होती आणि शेजारी बसणारी आजी घरचीच होती. चिंचोका दगडावर घासून एका बाजूने पांढरा करायचा आणि सोंगट्या खेळायच्या, हे तिने शिकवले. दिवाळीच्या किल्ल्याला अळीव पेरायचे, ते पाडव्यापर्यंत हिरवे होते, हेही तिनेच. आता चिंचोके मिळतात, अळीव मिळतात. आजी मिळत नाही. असली तरी तिच्याही हातात फोन आहे. माझ्याही आहे.

तर बैठकीत ठरले ते असे. यंदा बालगटाला मोटारी नाहीत. प्रत्येक मुलाला एक कापडी पिशवी: त्यात शाडूचा गोळा, आगपेटीच्या काड्या (गूल काढून), व्हॉल्व्ह ट्यूब, रंगीत कागद, दोरा आणि मूठभर चिंचोके. हिशेब केला, मोटारीपेक्षा खर्च कमी येतो. पिशव्या शिवायला महिला शाखा तयार आहे. चिंचोके, करवंट्या, शिंपले द्यायला पुष्कळ घरांनी होकार दिला आहे. उभराटला जाऊन आलेल्या एका कुटुंबाने तर गोणीभर शिंपले आणून टाकले आहेत.

आरती आणि प्रसादाच्या मधल्या वेळात, दुपारी तीन ते पाच, मुलांबरोबर सतरंजीवर बसायला माणसे हवी आहेत. दहा दिवसांसाठी वीसजण लागतील. हा लेख छापायला जाईपर्यंत दोन नावे आली आहेत, त्यातले एक माझे आहे. वही कार्यालयात टेबलावर ठेवली आहे.