पडवीला जाळी

गणपतीला मुंबईहून आलेल्या आमच्या धाकट्या भावाने दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा घेता घेता जाहीर करून टाकले की, यंदा पडवीला जाळी मारून घ्यायचीच. रात्री डासांनी त्याच्या मुलीला फोडून काढले होते. शेजारच्या वाडीतला एक तरुण मुलगा नुकताच डेंग्यूने आठ दिवस इस्पितळात पडून आला होता. आणि माकडांनी तर भरदिवसा पडवीत येऊन नैवेद्याला आणलेली केळी फणीसकट पळवली होती. त्याची बाजू भक्कम होती. मी मान डोलावली. पण काकू, म्हणजे आमच्या घरातले सर्वांत वडील माणूस, वय वर्षे ब्याऐंशी, झोपाळ्यावरून म्हणाल्या, "मार हो जाळी. पण आल्या माणसाने मग बसायचे कुठे, तेही सांगून ठेव."

भाऊ हसला. मला मात्र ते वाक्य दिवसभर सुटले नाही. पडवी कोणासाठी बांधली आणि ती कोणापासून बंद केली, याचा इतिहास कोणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. राजेरजवाड्यांच्या वाड्यांवर ग्रंथ आहेत, किल्ल्यांवर तर विचारूच नका. पडवी बिचारी घराबाहेरही नाही आणि घरातही नाही, म्हणून तिला कोणी विचारले नसावे.

ज्यांनी कोकणातले जुने घर पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पुढे सारवलेले खळे. खळ्यातून दोन-तीन पायऱ्या चढले की पडवी, पडवीतून एक पायरी वर ओटी, ओटीमागे माजघर, आणि माजघराच्या आत देवघर व स्वयंपाकघर. पायरीगणिक माणसाची ओळख ठरे. व्यापारी, वाटसरू, निरोप घेऊन आलेला गडी यांची पडवी. पाहुण्यांची आणि पंचांची ओटी. माजघरात फक्त आपली माणसे. पडवीचे छप्पर इतके खाली उतरलेले असे की, उंच माणसाला वाकूनच आत यावे लागे. हा नम्रपणा शिकवण्यासाठी काढलेला उपाय आहे असे आमचे एक गुरुजी सांगत. मला ते खरे वाटत नाही. तो उपाय पावसावरचा होता.

रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तो सरळ पडत नाही; समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. आमच्या भिंती जांभ्याच्या, नाहीतर मातीच्या. जांभा खाणीतून काढताना इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने तासता येतो, आणि उघड्यावर राहिला की टणक होतो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टराने मलबारात हा दगड विटेसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात, लॅटिनमध्ये विटेला जो शब्द आहे त्यावरून, त्याला 'लॅटराइट' असे नाव दिले. आपल्याकडे तो अर्थातच त्याआधी शेकडो वर्षे जांभाच होता. पण टणक झाला तरी जांभा सच्छिद्र. तो पाणी पितो. मातीची भिंत तर विरघळतेच. तेव्हा भिंतीवर पाऊस येऊ नये म्हणून छप्पर चार हात पुढे ओढले आणि त्याखाली खांब दिले. पडवी ही आधी भिंतीची छत्री. माणसे तिच्यात नंतर येऊन बसली असावीत.

ती बंद करण्याची रीतही पावसानेच घातली. आगोट जवळ आली की शाकारणी होई, लाकूडफाटा आत येई, आणि नारळाच्या झावळ्या विणून केलेले झाप पडवीच्या खांबांना बाहेरून बांधले जात. पावसाच्या बाजूला कोणी काठ्यांचा कूड घालून शेणमातीने लिंपून टाकी. मग चार महिने पडवी म्हणजे एक काळोखी खोली. तिच्यात भाताची कणगी, ओली इरली, जळाऊ लाकडे, एखादे आजारी वासरू आणि माणसे, सगळे एकत्र. पाऊस सरला की झाप सोडायचे. आमच्या काकूंच्या आठवणीत दिवाळी म्हणजे फराळाच्याही आधी हेच. झाप काढले, पडवी नव्याने सारवली, आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा उन्हाचा पट्टा ओटीच्या पायरीपर्यंत आला की दिवाळी आली. पणत्या लावायला पडवीची कडा मोकळी झालेली असे.

पुढे ऐपतदार घरांनी पडवीचे एक-दोन खण लाकडी गजांनी कायमचे बंद केले. गुरे-शेळ्या आत येऊ नयेत, भात सुरक्षित राहावे हा एक हेतू. दुसरा हेतू उघड कोणी बोलत नसे. गजांआडून घरातल्या बायकांना बाहेरचे दिसे आणि बाहेरच्यांना त्या दिसत नसत. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. ती चपटी कौले किनाऱ्याने वर आली, गवत आणि नळे मागे पडले, आणि पडवीचे छप्पर पुढे वाढवणे सोपे झाले. इंग्रजांच्या बंगल्यांना तोवर ऐसपैस 'व्हरांडे' आलेले होते. हा शब्द पोर्तुगीजांच्या 'वरांदा'शी नाते सांगतो आणि इंग्रजांनी तो हिंदुस्थानातच उचलला. पदच्युत होऊन १८८६ पासून रत्नागिरीत दिवस काढणाऱ्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी सरकारने १९१० च्या सुमारास जो राजवाडा पुरा केला, तोही आमच्याच जांभ्याचा. त्याच्या अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्या आज शाळांच्या सहली पाहायला जातात. एका राजाला बंद करून ठेवायचे, आणि तेही हवेशीर जागेत! मुलांना घेऊन गेलो की मला हेच आठवते. १९१६ साली तो इथेच वारला.

परंतु जाळीची खरी गोष्ट १८९७ सालातली आहे. आदल्या वर्षी मुंबईत मांडवीला प्लेग निघाला होता. हजारो माणसे गिरण्या सोडून कोकणात परतली. गावी आलेल्या माणसाला प्रथम कुठे उतरवले असेल, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागणार नाही. मुंबई-पुण्यात सरकारी पथके घरांत शिरली. अंधार आणि कोंदट हवा हेच रोगाचे मूळ असे समजून त्यांनी भिंतींना भोके पाडली, छपरांवरची कौले उतरवून उजेड आत घेतला. पुण्यातल्या त्या कारवाईचा शेवट २२ जूनच्या रात्री रँडच्या खुनात कसा झाला, ते शाळेतली मुलेही सांगतात. आणि त्याच वर्षी, २० ऑगस्टला, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस नावाच्या लष्करी डॉक्टरला एका डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात शास्त्राने दोन हुकूम सोडले म्हणायचे. घर उघडा, हा पहिला. डास आत येतो, घर बंद करा, हा दुसरा. दोन्ही हुकूम एकाच वेळी पाळायचे कसे? वारा आत यावा आणि डास बाहेर राहावा, असे काही हवे होते.

ते १९०० साली रोमजवळच्या दलदलीत पारखून घेण्यात आले. पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टराच्या योजनेप्रमाणे डॉ. सांबोन आणि डॉ. लो यांनी हिवतापाने ओस पडलेल्या ऑस्टियाच्या मुलखात दारे-खिडक्यांना तारेची जाळी लावलेली एक झोपडी उभारली आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत ते तिच्यात राहिले. दिवसा खुशाल हिंडत, सूर्यास्त होताच आत. क्विनीन घेतले नाही. शेजारपाजारचे लोक तापाने फणफणत असता यांना काही झाले नाही. त्याच सुमारास इटलीतून बाधलेले डास लंडनला नेऊन मॅन्सनच्या मुलाला चाववून घेतले. तो वैद्यकीचा विद्यार्थी होता आणि आपण होऊन पुढे आला होता. त्याला हिवताप आला. पोटच्या पोराला डास चाववून घेणाऱ्या बापाचे कौतुक करावे की राग यावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्यानंतर पनामाच्या कालव्यावर १९०४ पासून गॉर्गस या अमेरिकन डॉक्टराने घराघरांच्या व्हरांड्यांना तांब्याची जाळी बसवली. तांबेच का? तर दमट खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. आमच्या सुताराने हेच मला पनामाचे नावही न काढता सांगितले. "गुरुजी, लोखंडी जाळी घालाल तर तीन पावसाळ्यांत हातात भुसा येईल. स्टीलची घाला."

जाळी सगळे करील असेही नाही. हिवतापाचा डास रात्रीचा. ऑस्टियाच्या झोपडीचे यश त्यावरच उभे होते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घराच्या मागेच, कुंडीखालच्या ताटलीत किंवा फेकलेल्या करवंटीत साठलेल्या पाण्यात वाढतो. आडवा पाऊसही जाळीतून येतोच. म्हणून हल्ली लोक जाळीवर पत्रे नाहीतर ताडपत्री चढवतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे असले पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. झाप उडाला तर निदान कोणाची मान कापत नसे.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येतो. आल्या माणसाने बसायचे, असे त्या म्हणाल्या. पण आला तो प्रत्येक माणूस आमच्या पडवीत बसत होता काय? खोतांच्या पडवीपुढे कुळे खळ्यात उभी राहत. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. त्यांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडण्याचे विधेयक आणले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. १९२४ ते १९३७ सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना अस्पृश्य मानलेल्या मंडळींना बरोबर घेऊन सणासुदीला घरोघर जात. भागोजीशेठ कीरांच्या पैशाने १९३१ साली उभे राहिलेले पतितपावन मंदिर सर्वांना माहीत आहे. देऊळ नवे बांधता येते. जुन्या घराच्या तीन पायऱ्या चढू देणे त्याहून अवघड गेले असणार.

मी काकूंना सरळच विचारले. त्या बराच वेळ झोपाळा हलवत राहिल्या. मग म्हणाल्या की, १९६० साली त्या या घरात आल्या तेव्हा पडवीच्या वळचणीला, बाहेरच्या बाजूने, कान तुटलेली एक कपबशी खोचलेली असे. नारळ पाडायला आणि कूड घालायला येणाऱ्या एका माणसासाठी ती होती. तो ती स्वतः काढी, खळ्यात पुढे धरी, वरून चहा ओतला जाई, आणि तो पिऊन धुऊन पुन्हा खोचून ठेवी. अस्पृश्यता घटनेने १९५० सालीच रद्द केली होती, १९५५ साली शिक्षेचा कायदाही झाला होता. काकू मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. त्यांना हे ठाऊक होते. "पण मी तरी पडवीत कुठे होते?" त्या म्हणाल्या. "पुरुषमाणसे बसलेली असायची. मी गजांच्या आत. तिथून त्याचे हात दिसायचे, तोंड नाही."

"मग पुढे?"

"एका वर्षी कौले चाळताना ती कपबशी पडून फुटली. नवी कोणी ठेवली नाही."

"म्हणजे तो पडवीत बसायला लागला?"

"नाही रे. त्याने चहाच सोडला आमच्याकडचा. नको म्हणायचा. बसला तो फार पुढे, तुझे आजोबा गेल्यावर. कधी ते नाही आठवत."

मी आजोबांचा लाडका नातू होतो. याच झोपाळ्यावर त्यांनी मला पाढे शिकवले. त्या वळचणीखालून मी लहानपणी हजार वेळा धावलो असेन.

भावाशी बोलून असे ठरवले आहे की, चार खणांपैकी दोन खणांना जाळी घालायची. मुलांचा अभ्यास आणि झोपणे तिथे होईल. उरलेले दोन खण, पायऱ्या आणि झोपाळा असलेले, मोकळे ठेवायचे. माकडांसाठी काकू हातात काठी घेऊन बसायला तयार आहेत. मागच्या कुंड्या आणि करवंट्या उपड्या करून झाल्या. सुतार दिवाळी झाल्यावर येतो म्हणाला आहे. अडले आहे ते जाळीच्या दारापाशी. ते आत उघडले तर मुलांच्या टेबलाला लागते, आणि बाहेर उघडले तर झोपाळ्यावर बसलेल्या माणसाला.