महिंद्रा अँड मोहम्मद आणि पाचवा गिअर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी बीडला गेलो, तेव्हा धाकट्या भावाच्या गॅरेजात एक जुनी जीप उभी होती. साठच्या दशकातली, पेट्रोल इंजिनाची, उंच बॉनेटची सीजे-थ्रीबी. मालक कृषी सेवा केंद्र चालवतात. त्यांचे वडील ऊसतोड मुकादम होते आणि टोळ्या गोळा करत याच जीपमधून गावोगाव फिरायचे. मुलगी आता पुण्यात शिकते. तिला भेटायला आजोबांच्या जीपनं जायचं, एवढीच त्यांची हौस. पण हायवेवर जीप साठाच्या पुढे गेली की इंजिन किंचाळायला लागतं. म्हणून त्यांना तीन गिअरांचा जुना डबा काढून पाच गिअरांचा बसवून हवा होता.

अब्बा खुर्ची टाकून बसले होते. वय शहात्तर. हात थरथरतात, म्हणून पाना धरत नाहीत, पण कामावरची नजर काही हटत नाही. त्यांनी मालकांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘पुण्याला जायला एसटी आहे की, भाऊ.’’ नंतर मला दक्खनीत म्हणाले, ‘‘कायकू उसकू पाचवा गिअर? तीन में गई ना जिंदगी.’’

मालकांसोबत त्यांचे एक मित्र आले होते. जुन्या गाड्या जमवतात, रॅल्यांना नेतात. त्यांना हा बदल मुळीच पसंत नव्हता. जीप ओरिजिनलच राहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बोलता बोलता ते भावाला म्हणाले, ‘‘तुमच्या लोकांनीच या जीपांची वाट लावली. डिझेल इंजिनं काय घातली, काहीही काय जोडलं!’’ ‘तुमच्या लोकांनी’ म्हणजे मेकॅनिक लोकांनी, असं मी स्वतःला समजावलं. बहुधा त्यांचा अर्थही तोच असावा. अब्बा काही बोलले नाहीत. चहा मागवला.

मी उर्दू-मराठीचा मास्तर. गाडीतलं मला फार कळत नाही. पण ‘ओरिजिनल’ हा शब्द डोक्यातून जाईना. पुढचे आठ-दहा दिवस मी गॅरेजात बसून काम पाहिलं आणि रात्री या जीपचा इतिहास वाचत गेलो.

सुरुवातच अशी की, जीप कुणा एकाची नाही. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी तातडीनं हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं सप्टेंबर १९४०मध्ये पहिला नमुना दिला. पण लष्कराला तिच्या कारखान्याचा भरवसा नव्हता, म्हणून आराखडे विलीज आणि फोर्ड यांनाही दाखवले गेले. विलीजचं ६० अश्वशक्तीचं इंजिन सगळ्यांत दमदार, म्हणून ते घेतलं. समोरची पत्र्याची ठोकून काढलेली जाळी मात्र फोर्डची. युद्धभर विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप काढल्या आणि बँटमला मालवाहू ट्रेलर बनवायला लावलं. जिनं जन्म दिला, तिचंच नाव गाडीवर राहिलं नाही.

नाव पुसलं जाण्याची दुसरी गोष्ट आपल्या मुंबईतली. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ती ऐकून ठाऊक असते, पण पुरती कुणी सांगत नाही. ऑक्टोबर १९४५मध्ये के. सी. महिंद्रा आणि जे. सी. महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद. गुलाम मोहम्मद लाहोरचे, अलीगढला शिकलेले, सरकारी हिशेब खात्यात मुरलेले. काही काळ त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं अर्थखातं सांभाळलं होतं. म्हणजे आमचं बीड ज्या संस्थानात होतं, त्याची तिजोरी कधीकाळी त्यांच्या हाती होती. फाळणी झाली आणि ते पाकिस्तानात गेले. तिथले पहिले अर्थमंत्री झाले, १९५१मध्ये गव्हर्नर जनरल झाले आणि १९५४मध्ये त्यांनी तिथली संविधान सभाच बरखास्त करून टाकली. माणूस म्हणून त्यांच्याबद्दल प्रेम वाटावं असं मला त्यात काही सापडलं नाही. इकडे १९४८मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. ‘एम अँड एम’ची स्टेशनरी आधीच छापलेली होती, म्हणून आद्याक्षरं तीच राहतील असं नाव घेतलं, असं सांगतात.

त्याच १९४८च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. दादाजान सांगायचे की, आयुष्यातली पहिली जीप त्यांनी तेव्हा पाहिली. दाराच्या फटीतून, कडी लावलेल्या घरातून, फौजेची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबलेली. मराठवाड्यातल्या किती मुस्लिम घरांत ही आठवण कोणत्या रूपात आहे, यावर स्वतंत्र लिहायला हवं. इथं एवढंच सांगतो की, ज्या गाडीच्या आवाजानं त्यांनी पोरांना आत ओढलं, तीच गाडी खोलायला-जोडायला त्यांनी पुढं आपला मुलगा एका मिस्त्रीच्या हाताखाली ठेवला. अब्बा तेव्हा बारा वर्षांचे होते. घरात दुसरी सोय नव्हती.

आता त्या डब्याकडे येतो.

स्वातंत्र्यानंतर महिंद्रानं विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जोडणी सुरू केली. पुढे हळूहळू भाग इथेच बनू लागले आणि सीजे-थ्रीबी आपल्याकडे कित्येक दशकं निघत राहिली. तिच्यात टी-९० नावाचा तीन गिअरांचा डबा असतो. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. म्हणजे गाडी थांबल्याशिवाय पहिला पडत नाही, चालत्या गाडीत टाकायचा तर डबल क्लच मारावा लागतो, नाहीतर दात करकरतात. डब्याच्या पाठीशी ट्रान्स्फर केस. तिचे दोन दांडे, एक पुढच्या चाकांचा जोर जोडायचा, दुसरा हाय-लोचा. तिसऱ्या म्हणजे टॉप गिअरमध्ये डबा इंजिनाचे फेरे जसेच्या तसे मागे पाठवतो. मागच्या धुऱ्यातलं गुणोत्तर ५.३८. चाक एकदा फिरायला इंजिन सव्वापाच फेऱ्यांहून जास्त मारतं. भावानं पाटीवर खडूनं हिशेब करून दाखवला. ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला ३२०० फेऱ्यांच्या आसपास जातं. जीप काय, बैल असता तरी ओरडला असता. पाच गिअरांच्या डब्यात पाचवा साधारण ०.८चा असतो, त्यामुळे त्याच वेगाला फेरे २६००च्या खाली येतात. आवाज उतरतो, पेट्रोलही थोडं वाचतं.

दुसरा फायदा मालकांनी मागितलाही नव्हता. जुन्या डब्याचा पहिला गिअर २.८चा. लो टाकला तर चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे सुमारे ३७ फेरे. नव्या डब्यांचा पहिला बराच खालचा असतो. तो चाराचा धरला तर हाच आकडा ५३च्या जवळ जातो. म्हणजे चिखलातून, दगडांतून जीप माणसाच्या पावलानं चढते. अब्बांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली.

काम सुरू झालं. सीटा आणि गिअरचे दांडे काढले, तळाचा पत्रा उचलला, मागचा-पुढचा प्रोपेलर शाफ्ट सोडला. डबा ज्या आडव्या पट्टीवर बसतो, ती जीपमध्ये नटबोल्टानं बसवलेली असते. ती सोडल्यावर डबा आणि ट्रान्स्फर केस एकत्रच खाली येतात. भाव करून आणलेला पाच गिअरांचा डबा महिंद्राच्याच नंतरच्या गाडीचा होता. ‘‘घरातलाच आहे,’’ भाऊ म्हणाला. पण घरातली भावंडंही एकमेकांच्या चपला घालू शकत नाहीत. इंजिनाच्या बेल हाउसिंगची भोकं वेगळी, म्हणून मध्ये जाड प्लेट लेथवर कातून घ्यावी लागली. नव्या डब्याच्या शाफ्टवरचे खाचे वेगळे, म्हणून क्लच प्लेट त्याची आणि प्रेशर प्लेट जीपची. शाफ्टचं टोक इंजिनाच्या क्रँकमध्ये ज्या बुशवर टेकतं, तो बुश नव्या मापाचा बनवला. सगळ्यांत वेळखाऊ काम मध्य साधण्याचं होतं. प्लेट केसभर सरकली तरी शाफ्ट तिरका फिरतो आणि काही महिन्यांत बेअरिंग खातो. भाऊ डायल गेज लावून दोन दिवस तेच करत होता. अब्बांच्या काळी हे गेज नव्हतं, ते बोटांनी करायचे. बोटांनी केलेलं सगळंच टिकलं असं काही नाही, हेही त्यांनीच सांगितलं. इंजिन बदललेल्या किती जीपा परत आल्या, ते त्यांना आठवत होतं.

या दिवसांत माझा एक नाद सुरू झाला, कामगारांचे शब्द टिपायचा. मिस्त्री पोर्तुगिजांकडून आलेला, चावीही त्यांचीच. कमान आणि पुर्जा फारसी. पाटा मराठी. गिअर, क्लच इंग्रजी. आणि हे सगळे शब्द एका वाक्यात गुंफायचे ते दक्खनीच्या क्रियापदांनी. या वाक्यातला ओरिजिनल शब्द कोणता, असा प्रश्न वर्गात घालता येईल.

चूक झाली ती मागच्या बाजूला. जीपच्या दोन धुऱ्यांत अंतर फक्त ८० इंच, त्यामुळे मागचा प्रोपेलर शाफ्ट मुळातच जेमतेम हातभर लांब. नवा डबा आणि मधल्या प्लेटा मिळून चार इंच वाढले, तेवढे शाफ्टमधून कापावे लागले. शाफ्ट आखूड झाला की त्याचा उतार वाढतो. मांजरसुंब्याच्या घाटात भावानं चाचणी घेतली, तर पन्नासाच्या पुढे मागून थरथराट. परत आणून पाहिलं, तर जॉइंटचा क्रॉस एका बाजूनं घासून गरम झालेला. भावानं दोन रात्री डोकं खाजवलं. इंजिन पुढे सरकवावं, तर पंखा रेडिएटरला लागतो. धुरा फिरवून बसवावा, तर पाट्यांच्या खालचे ठोकळे नवे करावे लागतात.

अब्बा जीपच्या मागे उकिडवे बसले. गुडघ्यांमुळे त्यांना ते झेपत नाही, तरी बसले. मग हातानं पाटे मोजले. ‘‘ये एक जास्ती है,’’ म्हणाले. मालकांनी कधीतरी जीप रुबाबदार दिसावी म्हणून कमानीत एक जादा पाटा घालून घेतला होता. गाडी जितकी उंच, तितका शाफ्टचा उतार जास्त. तो पाटा काढला, आणि धुऱ्याखाली पातळ पाचरी देऊन तो किंचित वर कलवला. दुसऱ्या चाचणीत सत्तरपर्यंत काही नाही, ऐंशीला बारीकशी गुणगुण. ती राहणार, असं भावानं मालकांना आधीच सांगितलं.

एक अट अब्बांनी पहिल्या दिवशीच घातली होती. चॅसिसला कटर लावायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही. जे बसवायचं ते बोल्टानं, म्हणजे उद्या कुणाला जुना डबा परत घालावासा वाटला, तर एका दिवसात घालता यावा. आयुष्यभर ज्या माणसानं चॅसिस कापून मॅटाडोरची डिझेल इंजिनं बसवली, त्याच्या तोंडून हे ऐकून मला आश्चर्य वाटलं. मी विचारलं. ते म्हणाले, तेव्हा पेट्रोल परवडत नव्हतं, मुकादमाला नाही आणि शेतकऱ्यालाही नाही. इंजिन बदललं नसतं तर त्या जीपा भंगारात गेल्या असत्या. आता ही हौसेची गाडी आहे, हौसेपायी कापायची कशाला?

तेव्हा मला त्या मित्रांना द्यायचं उत्तर सापडलं, पण ते पुन्हा आले नाहीत. महिंद्रानं स्वतःच जीपमध्ये ट्रॅक्टरसाठी बनलेलं इंटरनॅशनलचं डिझेल इंजिन घातलं, नंतर प्यूजोचं घातलं, गिअर तिनाचे चार केले, चाराचे पाच केले. कंपनीनं केलं की त्याला मॉडेल म्हणतात. बीडच्या पत्र्याच्या शेडमध्ये केलं की वाट लावली म्हणतात. आज रॅलीत मिरवणाऱ्या अनेक जीपा मधली तीस-चाळीस वर्षं अशाच शेडमुळे रस्त्यावर राहिल्या. त्या शेडमधल्या एकाही उस्तादाचं नाव कुठल्या पाटीवर नाही. अब्बांना ते हवंही नाही. मला हवं आहे.

जीप न्यायला मालक एकटेच आले. अब्बांनी काढलेला डबा नव्वद नंबरच्या तेलानं माखून गोणपाटात बांधून ठेवला होता. वर खडूनं जीपचा नंबर. मालक म्हणाले, घरी जागा नाही, इथेच राहू द्या चाचा. तो आता गॅरेजच्या कोपऱ्यात आहे, त्याच्यावर भावाचा पोरगा बसून डबा खातो.

चार दिवसांनी पुण्याहून त्यांचा फोन आला. पाचव्यात जीप मखमलीसारखी चालली, मुलगी मैत्रिणींना चक्कर मारून आली, असं बरंच काही सांगत होते. अब्बांनी फोन हातात घेतला आणि विचारलं, ‘‘तेल गळतंय का?’’

‘‘थोडंसं, चाचा. मागच्या बाजूनं.’’

‘‘येताना गाडी इकडं आणा,’’ अब्बा म्हणाले आणि सील बघून ठेवायला भावाला हाक मारली.