कौनास ते कौनास
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उमेदीची वर्षे निघून गेल्यावर एखाद्याला हवी ती संधी मिळाली, तर तिचे काय करायचे? आर्विदास सबोनिस या बास्केटबॉलपटूपुढे हा प्रश्न उभा राहिला होता.

सबोनिसचा जन्म १९६४चा, लिथुआनियातल्या कौनास शहरातला. उंची सात फूट तीन इंच. एवढा उंच माणूस टोपलीखाली उभा राहून चेंडू टाकणार, अशी आपली समजूत. सबोनिस मात्र चेंडू असा वाटायचा, की ठेंगण्या, चपळ खेळाडूंनी पाहत राहावे.

तेव्हा लिथुआनिया सोव्हिएत संघात होता. कौनासच्या क्लबचे नाव झाल्गिरिस. १४१० मधल्या एका विजयी लढाईची आठवण त्या नावात आहे. १९८५ ते १९८७ अशी सलग तीन वर्षे या क्लबने सोव्हिएत अजिंक्यपद मिळवले, तेही मॉस्कोच्या लष्करी संघाला नमवून. लोकांच्या दृष्टीने हा निव्वळ खेळ नव्हता. जे उघड बोलता येत नव्हते, ते मैदानावर बोलले जात होते.

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या संघाने त्याला निवडले, पण सरकारने जाऊ दिले नाही. त्याच सुमारास टाचेमागचा स्नायुबंध तुटला; एकदा नव्हे, पुन्हा. तरीही १९८८ साली सोलच्या ऑलिंपिकमध्ये उपान्त्य सामन्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेला ८२-७६ असे हरवले आणि पुढे सुवर्णपदक जिंकले. त्या संघाचा कणा लिथुआनियन खेळाडूंचा होता.

१९८९ मध्ये दार किलकिले झाले. सबोनिस स्पेनमध्ये गेला. आधी वायादोलिद, मग माद्रिद. १९९० मध्ये लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि १९९२ साली बार्सिलोनात तो प्रथमच स्वतःच्या देशाच्या नावाने ऑलिंपिक खेळला. कांस्यपदकाच्या सामन्यात समोर होता पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांचा एकत्रित संघ. निकाल ८२-७८. सोलचे सुवर्ण गाठीशी होतेच, पण लिथुआनियाच्या घराघरांत हे कांस्य अधिक मोलाचे ठरले.

१९९५ मध्ये रेआल माद्रिदला युरोपचे अजिंक्यपद मिळवून देऊन तो अखेर पोर्टलँडला पोहोचला. निवड होऊन नऊ वर्षे लोटली होती. वय तिशीपलीकडे, पाय थकलेले. धावणे, उडी मारणे जमेना. मग त्याने नजर आणि हात यांच्यावर भिस्त ठेवली. त्या हंगामातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात हा 'नवोदित' दुसरा आला!

तरुण सबोनिस तिथे गेला असता तर काय झाले असते, यावर आजही वाद रंगतात. पण सरकारने अडवलेली आणि दुखापतीने खाल्लेली वर्षे कोणालाच परत देता येत नाहीत. २००३ मध्ये तो पुन्हा झाल्गिरिसकडून खेळू लागला आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी युरोलीगच्या साखळी फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. ज्या कौनासमधून तो निघाला होता, तिथल्याच प्रेक्षकांना त्याचा अखेरचा खेळ पाहायला मिळाला.