कडेला माणूस नसलेला रस्ता

फुजी पर्वताच्या पायथ्याशी, जपानच्या शिझुओका प्रांतात, 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या डेटोनाच्या तोडीचा एक लंबगोल ट्रॅक बांधायचं घाटत होतं. दोन्ही टोकांना भिंतीसारखी कललेली वळणं आणि मध्ये लांबलचक सरळ रस्ता असा बेत होता. पैसा अपुरा पडला. सरळ रस्ता झाला, सुमारे 30 अंश कललेलं एक वळण झालं आणि तिथेच काम अडलं. मग उरलेला रस्ता डोंगराच्या अंगाने वळवत वळवत आणून सुरुवातीला जोडला गेला. अर्धा लंबगोल, अर्धा घाट असं हे सर्किट 1966पासून शर्यतींच्या वापरात आलं. जवळजवळ दीड किलोमीटरची सरळ धाव संपली की गाडी भरधाव त्या कललेल्या वळणात खाली झेपावायची. 1974 साली एका शर्यतीत तिथे दोन चालक मरण पावले आणि ते वळण कायमचं बंद झालं.

पुढचा इतिहासही हलका नाही. 1976मध्ये फॉर्म्युला वनची शर्यत इथे पहिल्यांदा आली ती धो धो पावसात. तीन महिन्यांपूर्वीच न्युर्बुर्गरिंग सर्किटवरच्या अपघातात भाजून निघालेल्या निकी लाउडाने दोन फेऱ्यांनंतर गाडी थांबवली आणि विश्वविजेतेपद सोडून दिलं. 1977मध्ये जिल व्हिलनव्हची फेरारी पुढच्या गाडीच्या चाकावर चढली, हवेत उडाली आणि जिथे उभं राहायला बंदी होती तिथे उभ्या असलेल्या दोन माणसांचा जीव घेऊन गेली. त्यानंतर फॉर्म्युला वन 30 वर्षं फुजीकडे फिरकली नाही.

ती गेली आणि पाचच वर्षांत, 1982मध्ये, फुजीला दुसरा जन्म मिळाला. नामको कंपनीने 'पोल पोझिशन' हा आर्केड गेम आणला आणि त्यातला रस्ता फुजीचा होता. प्रत्यक्षातल्या सर्किटवरून रस्ता घेणारा हा पहिला गेम. चालकाच्या पाठीमागून दिसणारी गाडी, क्षितिजाकडे निमुळता होत जाणारा डांबरी पट्टा, मागे पर्वत आणि कडेला जाहिरातींचे फलक. फलकावर गाडी आदळली की स्फोट व्हायचा, आणि काही क्षणांत नवी कोरी गाडी रस्त्यावर हजर. त्या रस्त्याच्या कडेला माणूस मात्र एकही नव्हता.

गेममधल्या ट्रॅकची कुळकथा इथून धरली तर पुढचं पुष्कळसं उलगडतं. पडद्यावरचा रस्ता खऱ्या रस्त्याचाच वंशज आहे. त्याने वळणं घेतली, चढ घेतले, वेग घेतला; कडेची माणसं घेतली नाहीत. हे ट्रॅक खरोखर बांधता येतील का, या प्रश्नाचं उत्तरही डांबरापेक्षा त्या कडेवर जास्त अवलंबून आहे.

घराण्याचा मूळ पुरुष याहूनही साधा होता. 1974मध्ये अटारीचं 'ग्रॅन ट्रॅक 10' आलं. त्यात मायक्रोप्रोसेसरच नव्हता. पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांनी आखलेला एक ट्रॅक वरून दिसायचा. हातात स्टिअरिंग, बाजूला गिअरचा दांडा, पायाशी पेडल. रस्ता म्हणजे ठिपक्यांची दोन कुंपणं, एवढंच. चढ, उतार, क्षितिज हे सगळं नंतर आलं, आणि यंत्राची ताकद वाढेल तसतसं आलं.

या वंशावळीतली सगळ्यात श्रीमंत शाखा 1997च्या डिसेंबरमध्ये फुटली. काझुनोरी यामाउची यांचा 'ग्रॅन टुरिस्मो' प्लेस्टेशनवर आला. गाड्या खऱ्या, कंपन्यांच्या नावानिशी, प्रत्येकीचं वजन आणि अश्वशक्ती मोजूनमापून घेतलेली. ट्रॅक मात्र सगळे कल्पनेतले: हाय स्पीड रिंग, ट्रायल माउंटन, डीप फॉरेस्ट, ग्रँड व्हॅली, आणि रात्रीच्या शहरातला स्पेशल स्टेज रूट 5. त्या काळच्या यंत्रांना दूरवरचं दृश्य एका दमात रेखाटणं झेपत नसे. डोंगराचा कडा, बोगदा, आंधळं वळण, गर्द झाडी ही दूरचं झाकायला फार सोयीची. शिवाय सुंदर. खेळणाऱ्यांच्या एका अख्ख्या पिढीच्या बोटांना ट्रायल माउंटनचे खडक आणि शेवटच्या चिकेनच्या, म्हणजे वेग कमी करायला लावणाऱ्या नागमोडी वळणाच्या, उंच कडा पाठ झाल्या. त्या कडांवरून गाडी दोन चाकांवर उचलून काढली की वेळ वाचायचा. ही वळणं कुणीतरी फार प्रेमाने काढलेली आहेत. आंधळ्या माथ्यामागे नेमकं काय असावं याचा विचार केलेली आहेत.

आता हाच ट्रायल माउंटन नियमांच्या कसोटीला लावून पाहावा.

आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, क्रीडा संहितेत 'ओ' नावाचं परिशिष्ट आहे. सर्किट कसं असावं ते त्यात सांगितलं आहे. नव्या सर्किटची रुंदी किमान 12 मीटर, गाड्या जिथे रांगेने उभ्या राहतात तिथे 15. सरळ रस्ता 2 किलोमीटरपेक्षा लांब नको. सुरुवातीच्या सरळ पट्ट्याचा चढ किंवा उतार 2 टक्क्यांच्या वर नको. सुरुवातीची रेषा आणि पहिलं खरं वळण यांत शक्यतो 250 मीटर तरी हवेत. वळणांचा आडवा कल साधारण 10 टक्क्यांपर्यंत, म्हणजे जेमतेम पावणेसहा अंश. फुजीच्या त्या मूळ वळणाचा कल याच्या पाचपटीहून अधिक होता.

सगळ्यात बोलकं सूत्र आहे ते माथ्यांचं. गाडी चढ संपवून पलीकडे उतरते त्या माथ्याची गोलाई किती असावी? ताशी किलोमीटरमधल्या वेगाचा वर्ग करायचा आणि 15ने भागायचं. येईल तेवढे मीटर ही किमान त्रिज्या. ताशी 200 किलोमीटरला ती भरते 2,667 मीटर. साध्या पदार्थविज्ञानाने पाहिलं तर त्याच वेगात चाकं जमीन सोडतात ती त्रिज्या सुमारे 315 मीटर. म्हणजे गेममध्ये गाडी ज्या माथ्यावरून उडते, तो माथा नियमाच्या मर्यादेपेक्षा आठपट तरी टोकदार असतो. उडालेल्या गाडीला ब्रेक नसतो आणि स्टिअरिंगही नसतं, म्हणून एवढी सावधगिरी.

रुंदी वाढवता येते, माथे छाटता येतात. खरी अडचण त्यापुढे येते. ताशी 250 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने ब्रेक लागले असं धरलं, तरी थांबायला सुमारे 245 मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर त्याहून बरेच जास्त. म्हणून वळणाच्या बाहेर खडीचे पट्टे, डांबराची मोकळी मैदानं, मग टायरांच्या थप्प्या आणि त्यामागे कठडा. ट्रायल माउंटनच्या वळणांना बाहेरच्या बाजूला खडक आहे. खडक फोडून 80-100 मीटर मोकळी जागा काढली, दुसऱ्या वळणाला काढली, तिसऱ्याला काढली, की ज्या डोंगरासाठी ट्रॅक काढला तो डोंगरच उरत नाही. बोगद्याच्या आतल्या वळणाला तर मोकळी जागा काढायची सोयच नाही.

हे निव्वळ गणित नव्हे. डीप फॉरेस्टसारखा झाडांमधून जाणारा रस्ता खरोखर होता. जर्मनीतल्या होकेनहाइमचे लांब सरळ पट्टे दाट जंगलातून जायचे आणि झाडांपुढे कठडा नव्हता. 7 एप्रिल 1968 रोजी जिम क्लार्कची गाडी तिथे रस्ता सोडून झाडांत शिरली. त्याच्या काळातला सर्वोत्तम चालक म्हणून ज्याच्याकडे जग पाहत होतं तो असा गेला. मग कठडे आले, चिकेन आल्या, आणि 2002मध्ये जंगलातला तो भागच सर्किटमधून कापून तिथे पुन्हा झाडं लावली गेली.

क्लार्कच्या अपघाताआधी दोन वर्षं, 1966मध्ये, बेल्जियमच्या स्पा सर्किटवर जॅकी स्टुअर्टची गाडी पावसात घसरून एका शेतघराजवळ जाऊन अडकली. पेट्रोलने भिजलेल्या अवस्थेत तो सुमारे 25 मिनिटं आत अडकून होता. मदतीला मार्शल, म्हणजे झेंडे दाखवणारी आणि अपघातात धावून जाणारी माणसं, नव्हते. त्याच शर्यतीतल्या दोन चालकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून घेतला आणि स्टिअरिंग काढून त्याला बाहेर काढलं. स्टुअर्ट त्यानंतर गाडीत पाना चिकटवून शर्यतीला उतरू लागला आणि सुरक्षिततेसाठी आयुष्यभर भांडला. सुमारे 14 किलोमीटरचं जुनं स्पा 1979मध्ये निम्म्यावर आलं. आज कुठल्याही मान्यताप्राप्त सर्किटवर ठरावीक अंतराने मार्शलच्या चौक्या असतात, रस्त्याचा कुठलाही तुकडा नजरेआड राहू नये अशी त्यांची मांडणी असते. पडद्यावरच्या ट्रॅकचं सगळं सौंदर्य रस्ता नजरेआड होण्यात आहे. चौकीत उभ्या असलेल्या माणसाला आंधळं वळण चालत नाही, कारण धोक्याचा पिवळा झेंडा वेळेत दिसला नाही तर पुढची गाडी त्याच्याच अंगावर येते.

स्वित्झर्लंडचं उदाहरण तर मनाला चटका लावतं. 1955च्या ल मां शर्यतीत एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली आणि 80हून अधिक माणसं मेली. त्या धक्क्याने स्वित्झर्लंडने सर्किटवरच्या शर्यतींवर बंदी घातली. 2018मध्ये झुरिकच्या रस्त्यांवर विजेवरच्या फॉर्म्युला ई गाड्या धावल्या तोवर 60 वर्षं उलटून गेली होती. या मधल्या काळात ग्रॅन टुरिस्मोमध्ये 'आयगर नॉर्डवांड' नावाचा ट्रॅक आला, थेट आयगर शिखराच्या उत्तर कड्याखाली. देशाने जे आपल्या डोंगरांत होऊ दिलं नाही, ते जगभरची मुलं त्याच डोंगराच्या चित्राखाली रोज खेळत होती.

तरीही वेड्यावाकड्या रस्त्यांना जगात अगदीच थारा नाही असं म्हणता येत नाही. जपानचं सुझुका घ्या. 1962मध्ये उघडलेलं हे सर्किट डच आराखडाकार जॉन हुगेनहोल्ट्झ यांनी होंडासाठी रेखाटलं आणि त्यात रस्ता पुलावरून स्वतःलाच ओलांडून जातो. त्यांच्या पहिल्या कच्च्या आराखड्यात तर अशी ओलांडणी एकाहून अधिक होती. कागदावर पाहिलं तर कुणीही गेममधला ट्रॅक म्हणेल. बाकूच्या सर्किटवर जुन्या किल्ल्याच्या तटाला लागून रस्ता 7.6 मीटर इतका अरुंद होतो, आणि फॉर्म्युला वन 2016पासून तिथूनच जाते. नेदरलँड्सच्या झांडव्हूर्टला शेवटचं वळण 18 अंश कलवलं आहे. नियमाला अपवाद मिळतो. मात्र तो मागणाऱ्याला गाड्यांच्या धडकेची आकडेमोड करून दाखवावी लागते.

आणि ऑस्ट्रेलियातलं बाथर्स्ट. माउंट पॅनोरमा हा डोंगर चढून उतरणारा 6.213 किलोमीटरचा रस्ता 1938चा आहे. सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या जागेत 174 मीटरचं अंतर, वरच्या भागात काँक्रीटच्या भिंतींमधून जाणारी अरुंद, आंधळी वळणं. कडेला लोकांची घरं आहेत, आणि शर्यत नसते तेव्हा तो ताशी 60 किलोमीटर मर्यादेचा सार्वजनिक रस्ता असतो. आज कुणी हा आराखडा नवा म्हणून मंजुरीला नेला तर तो मागे येईल यात शंका नाही. तो टिकला, कारण नियमपुस्तक जाड होण्याआधी तो जन्मला आणि तिथल्या लोकांनी भिंती, जाळ्या, चौक्या यांची भर घालत त्याला जपला. ट्रायल माउंटनचा सख्खा भाऊ शोधायचा तर तो इथे सापडतो.

उलटा प्रवासही झाला आहे, आणि त्यात भारताचा वाटा आहे. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आराखडाकार हर्मन टिल्के यांनी आखलं. जमीन सपाट, म्हणून भराव घालून चढ-उतार घडवले, 5.125 किलोमीटरचा ट्रॅक तयार झाला. पहिली भारतीय ग्राँ प्री झाली 30 ऑक्टोबर 2011 रोजी. पण 'एफ1 2011' हा गेम सप्टेंबरमध्येच दुकानांत आला होता आणि बुद्ध सर्किट त्यात होतं. प्रत्यक्ष ट्रॅकवर एकही फॉर्म्युला वन शर्यत झालेली नसताना नागपूरचा किंवा पुण्याचा एखादा मुलगा घरी बसून त्याची फेरी पूर्ण करू शकत होता. खरा रस्ता आणि पडद्यावरचा रस्ता एकाच आराखड्यातून निघाले, आणि पडद्यावरचा आधी पोचला. सेबास्टियन व्हेटेलने तिथल्या तिन्ही शर्यती जिंकल्या. 2013नंतर फॉर्म्युला वन परत आली नाही.

पडद्यावरचे ट्रॅकही या काळात खऱ्यांच्या वाटेने थोडे सरकले आहेत. 2022च्या 'ग्रॅन टुरिस्मो 7'मध्ये ट्रायल माउंटन परत आला तेव्हा मागची सरळ धाव लांबवलेली होती आणि ती शेवटची, दोन चाकांवर घेतली जाणारी चिकेन बदललेली होती. जुन्या खेळाडूंना चुकल्याचुकल्यासारखं वाटणं स्वाभाविक आहे.

खऱ्या जगात आता याच्या उलट दिशेला जाणारा आराखडा सौदी अरेबियात, रियाधजवळच्या किद्दियात आहे. 2024च्या मार्चमध्ये जाहीर झालेलं हे सर्किट टिल्के आणि माजी चालक अलेक्झांडर वुर्झ यांनी मिळून आखलं. 21 वळणं, एकूण 108 मीटरचा चढउतार, आणि 'ब्लेड' नावाचं पहिलं वळण जमिनीपासून 70 मीटरहून उंच, म्हणजे सुमारे 20 मजल्यांवर. 20 मजल्यांच्या उंचीवर 12 मीटरचा रस्ता टांगणं आजच्या स्थापत्याला अवघड नाही. त्याच उंचीवर सुटलेल्या गाडीसाठी मोकळी जागा, रुग्णवाहिकेची वाट, बंद पडलेली गाडी उचलणारी क्रेन आणि झेंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसासाठी कठड्यामागची चौकी, हेही टांगावं लागणार आहे.